पिंजऱ्यातली साक्ष

उंदरांची भाषा कळणारं यंत्र घरोघरी आल्यापासून, उंदीर पकडला की आधी त्याची विचारपूस करायची रीत पडली होती.

“माझी भाकरी उष्टावून कुठे उलथला होतास रे मेल्या?” हेमांगीने पिंजऱ्याला दरडावलं.

“समोर कुंदाताईंकडे,” यंत्रातून उत्तर आलं. “पिठल्याची खरवड खायला. तुमच्या सासूबाईंच्या ताटाखाली रोज दुपारी सांडलेली असते.”

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. दात दुखतात म्हणून घरचं ताट सारणाऱ्या सासूबाई कुंदाकडे खरवड चावतात! तिने तिरीमिरीत पिठलं टाकलं आणि गरमागरम पिंजऱ्यात वाढलं.

“आता सांग, कुणाचं चांगलं?”

“तुमचंच, वहिनी. तुमच्या हाताला तोड नाही.”

ती सुखावली. मग तिचं लक्ष पिंजऱ्याच्या बंद दाराकडे गेलं. तिने ते उघडलं आणि पुन्हा विचारलं. उत्तर न देताच उंदीर बाहेरच्या दाराच्या फटीतून समोरच्या घरात पसार झाला.

तेवढ्यात सासूबाई खोलीतून आल्या.

“आई, माझं पिठलं कसं असतं हो?”

“तुझ्या हाताला तोड नाही गं!”

हेमांगीने बाहेरचं दार सताड उघडलं आणि पुन्हा विचारलं.