नववा वाटेकरी

एका एसएसडी डिस्कवर आठ व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आठ संगणक. एकीने धुमाकूळ घातला की बाकीच्या सात ताटकळायच्या. म्हणून मुआजने आणि मी सहा महिने खपून प्रोग्राम लिहिला: डिस्कचा वेग जितके मागणारे, तितक्या समान वाट्यांत वाटायचा.

आज दुपारी पळस्प्याच्या आमच्या सर्व्हर रूममध्ये चाचणी घेतली. पडद्यावर आठही मशीनच्या वाट्यांच्या रेषा एकदम सपाट! मी चक्क उडी मारली.

"माशाल्लाह!" मुआज ओरडला. मग थबकला. "अनुया, प्रत्येकीचा वाटा १/९ दिसतोय. १/८ हवा ना?"

मी एक मशीन बंद केली. वाटा १/८ झाला. आणखी एक बंद केली. १/७. म्हणजे कुणीतरी जास्तीचं, अगदी शिस्तीत, आपला वाटा घेत होतं. आणि आमचा प्रोग्राम त्यालाही न्याय देत होता! माझ्या अंगावर शहारे आले, पण खरं सांगते, आनंदाचे.

आठही मशीन बंद केल्या. पडद्यावर आकडा राहिला: १.

मुआजने डिस्क खेचून बाहेर काढली आणि तळहातावर धरली. पडद्यावर १/२ उमटलं.

"अनुया, हात लावू नकोस."

पण मला राहवेना. मी बोट टेकवलं.

१/३.