उद्याच्या तारखेचं पॅकेज

धरणाच्या नियंत्रण कक्षात शाल्मली नवा प्रॉक्सी सर्व्हर लावत होती. एका संगणकाने उतरवलेलं सॉफ्टवेअरचं पॅकेज साठवून तो बाकीच्यांना देणार होता. साठा अजून रिकामा हवा होता. पण त्यात एक पॅकेज होतं, उद्याच्या तारखेचं. सोबत टीप :

रविवारी अकरा वाजता दरवाजा क्रमांक तीन आपोआप उघडला. खालचा कर्मचारी वाहून गेला. दोष दुरुस्त.

आज रविवार. दहा अठ्ठावन्न. तिने तीनवर ड्यूटी असलेल्या बोडकेकाकांना फोन लावला.

“काका, दरवाज्याखालून वर या!”

“अगं, मी घरी वांगी भाजतोय. विश्रामने तोंडी ड्यूटी बदलून घेतली. नवरा सांगत नाही वाटतं काही?”

विश्रामचा फोन तिच्यासमोरच चार्जिंगला होता.

दरवाजा उघडू नये म्हणून तिने मेन स्विच ओढला. सगळे स्क्रीन विझले. वीज जाताच आणीबाणीचा जनरेटर आपोआप चालू झाला आणि तिसऱ्या दरवाज्याची मोटर सुरू झाली.