शेजारच्या पानावरची झुंबड

"उघडतंय का रं?"

"नाही, नानासो. अर्ध्यावरच अडकलंय."

नानासोंनी खुर्ची आणखी पुढं ओढली. तासगावच्या त्यांच्या बेदाण्याची वेबसाइट कालच सुरू झाली होती, आणि दुबईचा व्यापारी आज दुपारी ती बघणार होता. पसंत पडली तर यंदाचा सगळा माल एका झटक्यात परदेशी! आणि इथं, सांगलीत अवधूतच्या इंटरनेटच्या दुकानात, पडद्यावर द्राक्षाचा देठसुद्धा उमटेना. साल नव्व्याण्णव, दुसरीकडं जावं तर असलं दुसरं दुकान नाही.

"मशीन बिघडलं म्हणायचं?"

"मशीन ठणठणीत आहे. पण ते तुमचं एकट्याचं नाही. एकाच मशीनवर बऱ्याच जणांच्या साइट असतात. चाळीतला सामाईक नळच समजा. एकानं पिंप लावलं की बाकीच्यांना करंगळीएवढी धार."

"मग मला सवता नळ दे!"

"कशाला? चार फोटो, भाव आणि पत्ता. एवढ्याला सामाईकच बरं. एका शेळीसाठी कुणी गोठा बांधतं का?"

"आबा, दमानं घ्या की," त्यांची लेक शिवांजली म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिचं लग्न. आई गेल्यापासून घरात ही बापलेकच. साइटचा नाद तिचाच. तिनंच आबांना गुलाबी फेटा बांधून, हातात मूठभर बेदाणा देऊन शेडसमोर उभं केलं होतं. फोटो काढता काढता विचारत होती: उंची किती? चहा स्वतः करता ना? लवकर चिडता का?

"बेदाण्याचा आन् च्याचा काय संबंध गं?"

"घेणारा आधी माणूस बघतो, आबा."

आता नानासोंनी टेबलावर थाप मारली. "पिंप कुणी लावलंय, तेवढं सांग गड्या!"

अवधूतनं खटाखट बटणं दाबली आणि शीळच घातली. "साताऱ्याचं वधूवर मंडळ! सकाळपासून झुंबड उडालीय. तीही एकाच स्थळावर."

"आशी कोण अप्सरा लागून गेली? दाव मला! हितनं उठवतोच तिला."

शिवांजली ताडकन उभी राहिली. "आबा, आपण बाहेर चहा घेऊन येऊ या?"

"गप बस!"

पान उघडलं. फोटो वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरू लागला.

आभाळ.

आणखी आभाळ.

पत्र्याची कड.

अडकलं.

"ढकल की रं!" नानासो ओरडले. त्यांचं नाक आता काचेला टेकायचंच बाकी होतं.

शिवांजलीनं डोळे मिटून घेतले.

आणि धडाधड उतरलं सगळं: गुलाबी फेटा, झुपकेदार मिशा, मूठभर बेदाणा.

खाली ओळ होती: विधुर. उंच. चहा स्वतः करतात. सहसा चिडत नाहीत.