‘गुन्हेगार’ शब्दाची चिठ्ठी

“चार दिवस झाले, सापडला का गुन्हेगार?” टंकलेखिका बाईंनी जाता जाता विचारलं आणि स्वतःच हसल्या.

“शोध चालू आहे,” धाकटा म्हणाला.

घरी दोन भावांतला तो धाकटा, आणि शब्दकोशाच्या कचेरीतही वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तेच नाव चिकटलं होतं. बाकीचे शब्द तो तासाभरात हातावेगळे करायचा. या एकाच शब्दापाशी गाडं अडलं होतं.

मुख्य संपादकांना सगळे अप्पा म्हणत. ते चष्मा कपाळावर सरकवून त्याच्या टेबलापाशी आले. “अरे, आहे काय एवढं त्यात? गुन्हा फारसीतून आला. तिकडे पाप, इकडे कायद्याचा भंग. आणि गार म्हणजे करणारा. काम करतो तो कामगार, गुन्हा करतो तो गुन्हेगार. झालं!”

“आणि न्यायालयाने ज्याला दोषी ठरवलं तो?”

“तो अर्थ दुसरा.”

“पण अप्पा, केला एकाने आणि आत गेला दुसराच, असं असलं तर?”

“तर कोश काय करणार, बाबा? आपण शब्दांचे कारकून. उद्या दुपारपर्यंत चिठ्ठी दे. आणि वाक्य ऐकलेलं हवं हं, बसल्या जागी रचलेलं चालायचं नाही.”

कचेरीचा हा दंडकच होता. प्रत्येक अर्थाखाली जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं वाक्य, बोलणारा कोण ते, आणि तारीख. धाकट्याकडे वाक्य होतं. गुन्हेगार मी आहे. सात वर्षं तो ते मनात म्हणत होता, पण ओठांबाहेर एकदाही पडलं नव्हतं.

थोरल्याची गाडी त्याने न विचारता नेली होती. पहाटे, धुक्यात, वळणावर दोन माणसं गाडीखाली आली. तो थांबला नाही. गाडी दारात लावली आणि आईच्या मांडीत तोंड खुपसून रडला. दिवस वर यायच्या आत आईने त्याला मामाकडे धाडलं. खटला संपेपर्यंत तो तिथेच होता.

“थोरल्याने सगळं अंगावर घेतलंय,” आईने फोनवर सांगितलं होतं. “आता तू तोंड उघडलंस तर दोघंही जाल. भेटायलाही जायचं नाही. त्याने शपथ घातलीय तुला.”

असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं त्याला वाटायचं, आणि त्याच क्षणी जीव नकोसा व्हायचा. रस्त्यात मागून पावलं ऐकू आली की वाटायचं, आली ती दोघं. वळून बघायची हिंमत व्हायची नाही. लोक आपले भाजीच्या पिशव्या घेऊन पुढे निघून जायचे.

थोरला उद्या सुटणार होता.

धाकटा अर्धी रजा टाकून घरी आला. दाराला नवी कडी बसवलेली होती. आत आई त्याचेच कपडे बॅगेत भरत होती.

“चार दिवस मामाकडे जाऊन ये,” ती म्हणाली.

“नाही जात. उद्या तुरुंगाच्या फाटकाशी उभा राहणार मी. त्याचे पाय धरणार, आणि तिथून सरळ पोलीस ठाण्यात जाऊन खरं काय ते सांगणार.”

“डोकं फिरलंय का तुझं? सुटून येतोय ना तो?”

“डाग घेऊन येतोय, आई. माझा डाग. त्याने माझ्यासाठी सात वर्षं दिली. मला एक वाक्य बोलता येऊ नये?”

“तू नको जाऊस. तुझ्या पाया पडते.”

“का पण? फार तर काय, शिव्या देईल. दोन ठेवून देईल. हक्क आहे त्याचा.”

आई बॅगेशेजारी मटकन बसली. हातातल्या शर्टाची तिने उगाच पुन्हा पुन्हा घडी केली.

“त्याने अंगावर काही घेतलं नव्हतं रे,” ती म्हणाली. “कोर्टात शेवटपर्यंत ओरडत होता. मी झोपलो होतो, माझ्या आईला विचारा, आई खोटं बोलणार नाही, म्हणत होता. मग त्यांनी मला विचारलं.”