नाकावरचं ठिगळ

या, जरा जवळ सरका. गोष्ट लहान आहे, पण कान देऊन ऐकायची आहे, कारण हिच्यातला निवाडा आवाजावर झाला.

मामंजी मिनीबसच्या नाकासमोर उकिडवे बसले होते आणि हातातल्या नाण्याने टकटक करत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपायी आठ दिवस ते दवाखान्यात आणि लेकीच्या घरी होते. तेवढ्यात सुनेने हे काम घेतलं आणि संपवलंही. विचारलं नाही, सांगितलं नाही. शाळेची मुलं नेणारी ही पिवळी बस फाटकाच्या खांबाला धडकली होती, आणि तिच्या फायबरच्या नाकाला हात आत जाईल एवढं भोक पडलं होतं. आता भोक नव्हतं. रंग असा चकचकीत बसला होता की मामंजींचा काळा चष्मा त्यात दिसत होता.

"धडक कुठे बसली ते मला सांगायचं नाही," त्यांनी ड्रायव्हरला बजावलं होतं. "माझं मी शोधतो." आणि सुनेला म्हणाले होते, "जागा सापडली, तर पुन्हा रेझिनच्या डब्याला हात लावायचा नाहीस. आपलं पॉलिश पेपर घासत बसायचं."

"आणि नाही सापडली तर डबा माझा?"

"न सापडायला मी काय कालचा आहे?"

सहा वर्षं ती पॉलिश पेपरच घासत होती. नवऱ्याला फायबरच्या भुकटीची खाज सोसेना, तो एका कचेरीत चिकटला. ही मात्र सासऱ्यांच्या मागे उभी राहून डोळ्यांनी काम उचलत राहिली. फायबर भरायचं ते मागून. आतली बाजू खरवडायची. काचतंतूंची मॅट कात्रीने कापायची नाही, हाताने फाडायची, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. मग सुकून दगडासारखं होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये भिजवून चार थर बसवायचे, आणि पुढून पुट्टीचा नुसता हात फिरवायचा. आळशी माणूस पुढूनच पुट्टी थापतो आणि मोकळा होतो. वरून दोन्ही कामं सारखीच दिसतात. नाण्याला मात्र फसवता येत नाही. भरीव जागा टणटणीत बोलते, थापलेली कोंदट.

टक, टक, टक. भजनाला ठेका धरावा तसे मामंजी गुणगुणत डावीकडून उजवीकडे सरकत होते. डाव्या दिव्याखाली सुनेने तीन दिवस पाठ मोडून घेतली होती. नाणं तिथून वाजत पुढे गेलं, थांबलंच नाही. ड्रायव्हर मिशीत हसला.

उजव्या दिव्यापाशी नाणं अडलं. मामंजींनी पुन्हा वाजवलं. भद्द.

"ही बघ," ते म्हणाले. "नुसती पुट्टी थापली आहेस. याला काम म्हणायचं? पहिल्या खड्ड्यात हा पोपडा गळून पडेल."

ड्रायव्हर चमकला. "अहो मिस्त्री, पण धडक तर..."

"दादा," सून मध्येच म्हणाली, "चहा निवतोय तुमचा."

कामाच्या पहिल्याच दिवशी, नाक आतून खरवडताना, तिने हे उजवीकडचं जुनं ठिगळ पाहिलं होतं. चाराऐवजी एकच थर, आणि तोही चार बोटांच्या मापाने फाडलेला. त्या मापाने मॅट फाडणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता. मोठ्यांच्या कामावर आपला हात कसा फिरवायचा, म्हणून तिने ते तसंच ठेवलं होतं. आता खरं बोललं तर डबा तिचा. पण गिऱ्हाइकासमोर चाळीस वर्षांच्या हाताची नाचक्की.

"चुकलं, मामंजी," ती म्हणाली.

"चुकलं म्हणून भागत नाही. खरवड ते."

"तुम्ही आधी लांब व्हा. डोळा नवा आहे."

ते दारापर्यंत गेले. तिने ग्राइंडर लावला. पिवळी भुकटी उडाली, तिच्याखालून निळा रंग वर आला, आणि निळ्याच्याही खालून पुट्टी.

"थांब."

मामंजी चष्मा काढून जवळ आले. नव्या डोळ्याने त्यांनी ती जागा बाहेरून पाहिली, मग वाकून आतून पाहिली. त्यांचे कान लाल झाले.

"ही दूधवाल्याची गाडी," ते हळूच म्हणाले.

"त्याच्याकडूनच घेतली मी," ड्रायव्हर म्हणाला. "तेव्हा निळीच होती."

मामंजी सुनेकडे वळले. "तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मग कबूल कशाला झालीस?"

"डबा काय, आज ना उद्या मिळालाच असता," ती म्हणाली. "तुमचं काम कच्चं आहे, हे माझ्या तोंडून कसं निघावं?"

मामंजी मटकन स्टुलावर बसले आणि हसू लागले. ऑपरेशननंतर एवढं हसलेलं चालतं का, हे डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं होतं. हसता हसताच त्यांनी रेझिनचा डबा उचलून तिच्या हातात दिला.

"हेही तूच नीट भर. मागून. आणि तुझं ठिगळ कुठे आहे ते दाखव, मला काही सापडलं नाही."

तिने बोट ठेवलं. त्यांनी नाणं वाजवलं आणि कितीतरी वेळ वाजवत राहिले.

"दादा, तुम्हीही ऐका," शेवटी ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एवढं एकच काम मी मागे एक थर चिकटवून पुढून थापलं. चारही थर सुकायला संध्याकाळ झाली असती, आणि मला दुपारची बस गाठायची होती. हिच्या वडिलांकडे जायचं होतं, हिला मुलासाठी मागायला. बस चुकली असती तर ते दुसरीकडे होकार कळवणार होते."

तर मंडळी, देवाचे आभार मानाल ते मानाच. पण त्या दूधवाल्यालाही आठवत जा. बिचारा वर्षानुवर्षं कच्च्या नाकाची गाडी हाकत राहिला, म्हणून त्या घरात ही सून आली.