जुन्नरच्या पोथीचा मुक्काम

“संकटकाळात समाज तरतो तो फक्त शिस्तीवर!” रूबेन दिघोडकर गरजले आणि ऐटीत जीपमधून उतरायला गेले. दाराची मूठ त्यांच्या हातात आली. दार जागचं हललं नाही.

“थांबा साहेब, ते बाहेरूनच उघडतं,” म्हणत ड्रायव्हर भगवंतने त्यांना उतरवून घेतलं.

रूबेन पुण्याच्या बेने इस्राएल मदत मंडळाचे चिटणीस. रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गेली तीन वर्षं पेसाखच्या सणाआधी एका गुरुवारी सकाळी ते जुन्नरला येत, प्रार्थनेला बसत, बिनखमिराच्या भाकरीचे डबे, तांदूळ आणि म्हाताऱ्यांची औषधं वाटत आणि परत जात. या खेपेला जीपमध्ये एक रिकामी पेटीही होती. आत मऊ रजई अंथरलेली.

मंडळाचा ठरावच तसा होता. दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची पोथी, उघडून वाचता येत नाही. जुन्नरची निम्मी घरं इस्राएलला गेलेली. दहा भरत नसतील तर चर्मपत्रावरची ती जुनी पोथी पुण्याला आणावी आणि जुन्नरचं प्रार्थनाघर बंद करावं.

प्रार्थनाघर म्हणजे कौलारू घराची पुढची खोली. दारात नाना उभे होते. नेहमीसारखे. पांढरी टोपी, धुवट सदरा, हातात प्रार्थनाघराच्या किल्ल्यांचा जुडगा.

“या साहेब. दमला असाल. पाणी देऊ?”

“आधी काम, नाना.”

आत दानिएलमामा चष्मा पुसत बसले होते. पोथी वाचायचं काम त्यांचं. रूबेनना पाहताच ते लगबगीने उठले. “आले! चला, करा सुरू.”

“जरा दमानं. आज आधी माणसं मोजायची आहेत.”

बायकांच्या बाकावरून फ्लोराबाई म्हणाल्या, “आन् भरली न्हाईत तर?”

“तर पोथी पुण्याला. तुम्हीही तिकडेच येत जा.”

“पुण्याला दोन एस.ट्या बदलाव्या लागत्यात. माजे गुडघे एकाच एस.टी.चे हायेत.” मग त्यांचा आवाज उतरला. “साहेब, या पोथीम्होरं माजं लगीन लागलं. पोरगी तिकडं इस्राएलात लोदला गेली, मालक वर गेले. ही तेवढी हितं ऱ्हायली. तीबी न्या.”

अशा वेळी रूबेन नियमाकडे वळत. शेवटच्या बाकावर एक काळासावळा गडी मान खाली घालून बसला होता. मनगटाला लाल दोरा.

“नाव काय तुमचं?”

“शिमशोन वाकरूळकर. पिंपरी पेंढार.”

“हा दोरा कसला?”

“पोरीनं शाळंत राखी केली व्हती, साहेब. तिला भाऊ न्हाई. म्हणून मला बांधली.”

“बरं. शमाची प्रार्थना म्हणून दाखवा.”

शिमशोनने उजव्या तळव्याने डोळे झाकले आणि म्हणायला लागला. आवाज जाडाभरडा, चाल बापाकडून आलेली. पहिली ओळ रूबेननी सोबत म्हटली, दुसरीही म्हटली. पुढे त्यांचे नुसतेच ओठ हलत राहिले. शिमशोन मात्र न अडखळता पार शेवटाला गेला, हात खाली घेतला आणि म्हणाला, “अजून म्हणू?”

“नको,” रूबेन म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

माणसं एक-दोन-तीन करून मोजायची नाहीत, अशी रीत. दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं आणि प्रत्येक शब्दाला एक माणूस धरायचा. रूबेन खोलीच्या मधोमध उभे राहिले. ‘होशीआ’ हा पहिला शब्द दानिएलमामांवर पडला. बोट बाकाबाकावरून फिरलं, शिमशोनवर नववा शब्द आला. दहावा उरला. पोथी न्यायला आलेला हा माणूस आता मनातल्या मनात आणखी एका टोपीसाठी विनवत होता.

दारात नाना उभे होते.

“हाओलाम,” रूबेननी दहावा शब्द नानांवर टाकला. “भरले!”

फ्लोराबाईंनी पदर तोंडाला लावला.

“या ना आत, नाना.”

“हितंच बरा हाय मी. दार धराया लागतं, वाऱ्यानं आपटतंय.”

पोथीच्या कपाटाचं कुलूप गंजलेलं. खोबरेल तेलाचे चार थेंब सोडल्यावर किल्ली फिरली. पोथी बाहेर आली तेव्हा माणसं एकेक करून पुढे झाली आणि वरच्या मखमलीला बोटं लावून ती ओठांना लावू लागली. फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाला भेटावं तशी. दानिएलमामा वाचू लागले. वाचता वाचता त्यांना दोनदा थांबावं लागलं. रूबेनही ‘आमेन’ म्हणत होते, दर खेपेला जरा मोठ्याने.

वाचन संपलं. रूबेननी वहीत लिहिलं, ‘उपस्थित पुरुष: दहा. पोथी जुन्नरलाच राहावी.’ भगवंतला सांगितलं, पेटी खाली काढूच नकोस. मग डब्यांचं आणि औषधांचं वाटप झालं. या वर्षी आपण खरोखर कुणाला तरी मदत केली, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

फ्लोराबाईंनी मलिदा आणला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर खजूर. पहिली वाटी रूबेननी उचलली आणि स्वतः दारापर्यंत नेली.

“घ्या, नाना. तुमच्यामुळे पोथी राहिली. दहावे तुम्ही.”

“मी कुटला, साहेब?” नाना संकोचून मागे सरले. “दहावे तुमीच की, मोजताना सोताला इसरला. तीन सालं झाली, तुमी आला की मगच ते कुलूप निघतंय.” त्यांनी वाटीतला खजूर तेवढा उचलला आणि सदऱ्यातून बाहेर आलेली तुळशीची माळ आत सारली. “फकस्त पुढच्या टायमाला एकादशी सोडून या. उपासाला पोहे चालत न्हाईत मला.”