चाक फिरतंय तोवर

हिंगोलीच्या एका सुपरमार्केटच्या ऑफिसात विश्वंभर आणि रागिणी शेजारी बसून नव्या मालाची माहिती कॉम्प्युटरवर भरायचे. नाव, वजन, किंमत टाकून सेव्ह दाबलं की स्क्रीनवर बराच वेळ चाक फिरत राहायचं. साहेब मागच्याच टेबलावर असायचे, त्यामुळे दोघांचं बोलणं व्हायचं ते चाक फिरतंय तोवरच.

शनिवारी विश्वंभरनं धीर केला. "मॅडम, तुमाला एक इचारायचं व्हतं..."

तेवढ्यात चाक थांबलं.

सोमवारी नवीन सॉफ्टवेअर आलं. बोट उचलायच्या आत सेव्ह. साबण झाले, बिस्किटं झाली, पण रागिणीला मान वर करायला सवड मिळाली नाही. विश्वंभर उगाच पाणी पिऊन आला, खुर्ची मागेपुढे करत राहिला.

संध्याकाळी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुनमचा पुण्याहून फोन आला. "काही बदल हवाय का?"

"बाकी बराबर हाय," तो हळूच म्हणाला. "फक्त सेव्ह व्हायला जरा येळ लागू द्या."



"कमाल आहे," पुनम म्हणाली. "दुपारी रागिणी मॅडमनीही हेच सांगितलं."